ओटा कुठे बांधायचा?

यंदा पाऊस सरला की मागीलदारी एक ओटा बांधायचा, एवढ्या एका गोष्टीवर आमच्या घरात सगळ्यांचं एकमत आहे. कुठे बांधायचा, यावर मात्र गेल्या डिसेंबरपासून बोलणं चालू आहे. मिस्त्रीचा हिशेब वेगळा, कतारला असलेल्या दिरांचा वेगळा. आणि ज्यांच्यासाठी हा सगळा खटाटोप, त्या अम्मींना विचारलं की त्या म्हणतात, "जिथे तुमची सोय, तिथे करा." म्हणजे मनात काहीतरी आहे आणि सांगायचं नाही.

अम्मी म्हणजे आमच्या सासूबाई. गुडघ्यांनी असहकार पुकारल्यापासून, म्हणजे दोन पावसाळे झाले, त्या मागीलदारी उतरलेल्या नाहीत. स्वयंपाकघराच्या मागच्या दाराला तीन पायऱ्या आहेत, प्रत्येक नऊ इंचांची. जुन्या घरांत अशाच असायच्या, कारण बांधणारे तरुण असायचे. ज्या बाईने चाळीस वर्षं त्या परसात आमसुलं वाळवली, मसाला वाळवला, मुलं न्हाऊ घातली, ती आता खिडकीतून परस बघते. ओट्याची गोष्ट इथून सुरू झाली. बसायला एक छान जागा हवी, हे नंतर सुचलेलं.

आमचं घर श्रीवर्धनच्या बाजूचं. रस्ता पश्चिमेला, म्हणून पुढचं दार पश्चिमेला आणि परस पूर्वेला. परसात ईशान्येकडच्या कोपऱ्यात स्वयंपाकघराचं दार, आग्नेयेकडे संडासाची टाकी, मधे फणस, पलीकडे विहीर, आणि कुंपणाला लागून दोन माड. दक्षिणेला शेजाऱ्यांनी दोन वर्षांपूर्वी वर मजला चढवला. त्यांच्या घरात माणसं वाढली, मजला चढणारच. पण वरच्या तीन खिडक्या थेट आमच्या परसात उघडतात.

दिरांनी कतारहून व्हिडिओ पाठवले. लाकडी फळ्यांचा डेक, भोवती कठडा, वर खुर्च्या. दिसतो सुंदर, यात वाद नाही. पण अमेरिकेत आणि कॅनडात तसा डेक का बांधतात, ते बघायला हवं. तिथे हिवाळ्यात जमीन गोठते, गोठताना फुगते आणि वरचं बांधकाम उचलते. म्हणून खांबांचे पाय गोठणाऱ्या थराच्या खाली नेतात आणि वर फळ्यांची जमीन अधांतरी ठेवतात. शिवाय तिथे लाकूड मुबलक. आपल्याकडे जमीन गोठत नाही. आपल्याकडे पडतो तो पाऊस, एका हंगामात तीन हजार मिलिमीटरच्या आसपास, आणि उरलेलं काम वाळवी करते. भुसा आणि प्लास्टिक मिसळून केलेल्या फळ्या कुजत नाहीत, पण मे महिन्याच्या उन्हात त्यांच्यावर अनवाणी उभं राहून दाखवावं. आपल्या लोकांनी जांभ्याचा ओटा शोधला तो काही अडाणीपणाने नाही. चिरा खाणीतून काढला की मऊ असतो, तासता येतो, आणि हवा लागली की घट्ट होत जातो. दिरांना हे फोनवर समजावलं. ते म्हणाले, "भाभी, तुम्ही वर्गात शिकवता तसंच बोलता." पण पटलं.

मिस्त्रीची जागा आग्नेयेची. त्याचं म्हणणं, टाकीवर स्लॅब आहेच, त्यालाच जोडून ओटा केला तर निम्मा खर्च वाचतो. ऐकायला गोड. पण टाकी कधीतरी उपसावी लागते, तिची झाकणं उघडावी लागतात, आणि तिच्यातला वायू बाहेर पडायला नळी मोकळी लागते. वर लादी बसवली की झाकण सापडणार नाही, आणि सापडलं तर लादी फोडावी लागेल. त्या स्लॅबवर माणसांचं आणि भिंतीचं वजन टाकायचं की नाही, हा प्रश्न वेगळाच. वर शेजारच्या तीन खिडक्यांच्या बरोबर खाली ती जागा. घरातल्या मुली तिथे ओढणी सारखी करत बसणार आणि पाच मिनिटांत आत येणार. ज्या ओट्यावर घरातल्या बायका मोकळेपणाने बसू शकत नाहीत, तो बांधून काय करायचा?

आमच्या मिस्टरांची जागा फणसाखाली. सावली गार, विहीर जवळ, मुलांना झोपाळा बांधता येईल. फणसाखाली बसायला आम्हालाही आवडतं, पण खाटेवर, जी उचलून बाजूला घेता येते. पिकलेला फणस वरून ओट्यावर येतो तेव्हा तो कुणाची वाट बघत नाही. माडाचं तर बोलायलाच नको. मुळं पुढे लादी उचलतात, पानांखाली पावसाळाभर शेवाळ धरतं. आणि या पट्ट्यात 3 जून 2020 कुणी विसरलेलं नाही. निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन–दिवेआगरच्या जवळच किनाऱ्याला लागलं आणि नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या झाल्या. तेव्हापासून मोठ्या झाडाखाली पक्कं काही बांधायचं म्हटलं की आम्ही आधी वर बघतो.

एवढं बोलून आम्ही भांडत राहिलो असतो. मग मुलीच्या विज्ञान प्रकल्पाने मदत केली. तिला सावल्या मोजायच्या होत्या. आम्ही म्हटलं, अंगणात मोजू नको, परसात मोज. मागच्या बाजूचा वळचणीचा काठ जमिनीपासून दहा फुटांवर आहे. मे महिन्यात त्याची सावली दुपारी तीनला भिंतीपासून सात-आठ फुटांवर होती, चारला बारा फुटांच्या आसपास, आणि पाचला वीस फुटांच्या पुढे. म्हणजे भिंतीला लागून बारा फुटांपर्यंत काहीही बांधलं तरी ऐन उन्हाळ्यात असरच्या आधी तिथे सावली आलेली असते, झाड नको आणि पत्रा नको. पूर्वेच्या परसाचा हा मोठा फायदा. ज्यांचं परस पश्चिमेला आहे त्यांना संध्याकाळचं ऊन थेट तोंडावर येतं आणि पावसाची झडही तिकडूनच येते. त्यांनी ओट्याची जागा ठरवताना आधी आडोसा कशाचा मिळेल ते शोधावं.

डिसेंबरमधली गंमत वेगळी. 22 डिसेंबरच्या आसपास आमच्याकडे सूर्य भर दुपारीसुद्धा डोक्यावर येत नाही, दक्षिणेला कलून राहतो. दहा फुटी भिंतीची सावली तेव्हा उत्तरेला जवळजवळ नऊ फूट पडते. उलट मेच्या दुसऱ्या आठवड्यात एक दिवस असा येतो की भर दुपारी काठीची सावली नाहीशी होते. उत्तरेकडे ओटा असलेल्या घरांत थंडीत तो दिवसभर गार राहतो तो यामुळे. आणि आग्नेयेकडच्या कोपऱ्यात थंडीतलं कोवळं ऊन शेजाऱ्यांचा नवा मजला अडवतो, हे तेव्हा कळलं. स्वयंपाकघराजवळच्या कोपऱ्यात मात्र ते ऊन सकाळी लवकर येतं आणि दुपारपर्यंत राहतं. गुडघे शेकायला तेवढं पुरे, आणि मार्चनंतर आमसुलं नि सुके बोंबील वाळायलाही पुरे.

वाऱ्याचं काय, हा प्रश्न मिस्टरांचा आणि तो बरोबर होता. आमच्याकडे दुपारनंतर खारा वारा पश्चिमेकडून येतो. घर मधे उभं, त्यामुळे मागच्या परसात संध्याकाळी कोंदट होतं. चार काठ्यांना जुन्या ओढणीच्या पट्ट्या बांधून आम्ही आठवडाभर चार ठिकाणी रोवल्या. फणसाखालची पट्टी गप्प. टाकीजवळची अधूनमधून हलायची. स्वयंपाकघराच्या कोपऱ्यावरची मात्र सतत फडफडत होती, कारण उत्तरेच्या बोळातून वारा वाट काढून तिथे येतो. शास्त्र म्हणून ही पद्धत फार बारीक नाही, पण घरातल्या प्रत्येकाला ती पट्टी दिसत होती आणि त्यामुळे वाद संपला.

मग शाळेच्या क्रीडा महोत्सवातली उरलेली थोडी फक्की आणून आम्ही तीनही जागा जमिनीवर आखल्या आणि एका रविवारी मिस्टरांनी आणि मुलाने अम्मींना खुर्चीसकट उचलून तिन्ही ठिकाणी बसवलं. फणसाखाली त्या दहा मिनिटं बसल्या. टाकीजवळ पाचसुद्धा नाही. स्वयंपाकघराच्या कोपऱ्यावर बसल्या त्या मगरिबची अजान होईपर्यंत उठायला तयार नव्हत्या. तेव्हा मनातलं बाहेर आलं. "इथून बोळ दिसतो," त्या म्हणाल्या. शेजारच्या खाला पूर्वी त्या बोळातून यायच्या, कधी ताक घेऊन, कधी नुसत्याच. पुढच्या दाराने येताना चप्पल, पदर, बैठकीतले पुरुष, सगळं सांभाळावं लागतं. मागीलदाराने बाई नुसती हाक मारून येते. अम्मींना ओट्यावरून झाडं बघायची नव्हती, कोण येतंय ते बघायचं होतं. सूर्य आणि वारा मोजण्यात सहा महिने गेले, आणि ही गोष्ट आमच्यापैकी कुणाच्याही यादीत नव्हती.

जागा ठरली, पण जमीन कुणाची?

अब्बांना जाऊन सहा वर्षं झाली. घर आणि परस अजून वाटलेलं नाही. आपल्याकडे माणूस गेला की वारसांचे हिस्से त्याच घडीला ठरतात, फक्त जमिनीवर रेघ मारलेली नसते. कर्ज आणि वसीयत भागवल्यावर आमच्या घरचा हिशेब सोपा आहे, कारण अब्बांचे आईवडील हयात नव्हते. एकूण चाळीस भाग धरा. अम्मींचा आठवा हिस्सा, म्हणजे 5 भाग. उरले 35. ते दोन मुलगे आणि एक मुलगी यांत दोन-दोन-एक या प्रमाणात, म्हणजे मुलांना 14 आणि 14, आणि पनवेलला दिलेल्या आपांना 7. पाचवीतल्या मुलाला जमेल असा हिशेब आहे. अडचण ही की वाटप होईपर्यंत त्या 7 भागांचा अमुक तुकडा असा नसतो. परसाच्या प्रत्येक वितीत आपा आहेत, स्वयंपाकघराच्या कोपऱ्यातसुद्धा.

बहिणीला विचारायचं काय त्यात, असं म्हणणारे पाहुणे प्रत्येक घरात असतात. आमच्याकडेही एक आले होते. "ती काय परसात राहायला येणार आहे?" ते म्हणाले. राहायला येणार नाही म्हणूनच विचारायचं. राहणारा माणूस रोज थोडं थोडं बांधत जातो. आज ओटा, उद्या त्यावर छप्पर, परवा बाजूला न्हाणीघर. दहा वर्षांनी वाटपाची वेळ आली की मोक्याची जागा कुणी अडवली ते कुणाला सांगावं लागत नाही. बहीण बिचारी माहेर तुटेल या भीतीने गप्प बसते, आणि तिच्या गप्प बसण्याला आपण राजीखुशी म्हणतो. आम्ही शाळेत मुलींना हिस्सा म्हणजे काय ते शिकवतो. घरात त्याचं उत्तर वेगळं निघून चालणार नव्हतं.

मिस्टरांनी आपांना फोन केला. त्या आधी हसल्या, मग थोडा वेळ बोलल्याच नाहीत. नंतर म्हणाल्या, येते. आल्या, फक्कीच्या रेषांवरून चालून बघितलं, अम्मींच्या शेजारी बसल्या, आणि तीन गोष्टी मागितल्या. ओटा फणसाच्या अलीकडे थांबला पाहिजे. विहिरीकडे जायला चार फुटांची वाट कायम मोकळी राहिली पाहिजे. आणि हे लिहून ठेवायचं. तिसरी मागणी ऐकून मिस्टर जरा दुखावले. सख्ख्या बहिणीला कागद कशाला हवा? आपांचं उत्तर ऐकण्यासारखं होतं. त्या म्हणाल्या, "भाई, कागद तुझ्यासाठी नाही. तुझ्या नि माझ्या मुलांसाठी आहे."

कागद झाला. त्यात ओट्याची लांबी-रुंदी आहे, वाट आहे, आणि ओटा बांधल्यामुळे त्या जागेवर कुणा एकाचा हक्क ठरत नाही, वाटपाच्या वेळी जागा सगळ्यांचीच धरायची, असं साध्या भाषेत लिहिलं आहे. खाली अम्मींची, आपांची आणि मिस्टरांची सही. दिरांनाही तो वाचून दाखवला. ते सुट्टीवर आले की सही करतील. हा कागद म्हणजे वाटपपत्र नव्हे, हेही समजून घ्या. वाटप करायचं तर ते रीतसरच करावं लागतं, वकिलाच्या सल्ल्याने. पण समजूत लेखी असली की पुढे निदान आठवणींवर भांडण होत नाही.

आता मापं. दस्तरखान घालून दहा माणसं बसवायची तर एका माणसाला दोन फूट, म्हणजे एका बाजूला पाच जणांना दहा फूट. मधे दोन-अडीच फुटांचं दस्तरखान आणि दोन्हीकडे मांडी घालायला अडीच-अडीच, म्हणजे सात-साडेसात, धरून चालू आठ फूट रुंदी. वाढणारीला फिरायला दोन फूट. ओटा बारा बाय दहा ठरला तो या हिशेबाने: भिंतीच्या कडेने बारा फूट, परसात दहा फूट. रमजान दर वर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो, 2030 साली तर तो जानेवारीत आणि पुन्हा डिसेंबरअखेर असा दोनदा सुरू होईल. म्हणजे पुढची दहा वर्षं तरी इफ्तार कोरड्या दिवसांत आहे आणि ओट्यावर बसता येईल.

उंचीवर मिस्त्रीशी पुन्हा चर्चा झाली. त्याला ओटा दीड फुटाचा हवा होता. आम्ही म्हटलं, अम्मींना एकही पायरी नको. घराची जमीन परसापासून 27 इंच उंच. ओटा दाराशी 25 इंचांवर, म्हणजे उंबऱ्याखाली दोन इंच, नाहीतर पावसाचं पाणी स्वयंपाकघरात येईल. त्या दोन इंचांना दारापाशी छोटा उतार. ओट्याला बाहेरच्या बाजूला पाच फुटांना एक इंच ढाळ, म्हणजे दहा फुटांवर काठ 23 इंचांवर येतो. तिथून परसात उतरताना चार टप्पे केले की एकेक पावणेसहा इंचांचा पडतो आणि धरायला लोखंडी नळीचा कठडा. बाजूंना सोळा इंचांची भिंत, जी कठड्याचंही काम करील आणि बसायचंही. आतला भराव एकदम टाकून चालत नाही. अर्धा-पाऊण फुटाचा थर, पाणी, धुम्मस, मग पुढचा थर. नाहीतर पहिल्याच पावसाळ्यात जमीन बसते आणि लादी तडकते. ओट्याची भिंत घराच्या भिंतीत गुंतवायची नाही, कारण नवं बांधकाम थोडं बसणारच, ते जुन्याला ओढू नये. लादी खडबडीत शहाबादी. गुळगुळीत टाइल्स दुकानात छान दिसतात आणि जुलैत माणूस पाडतात.

पागोळ्या थेट ओट्यावर पडणार, त्यासाठी पन्हळ हवी. मागच्या उताराने झाकलेली जागा साधारण सहाशे चौरस फूट आहे. त्यावर एका पावसाळ्यात दीड लाख लिटरांहून जास्त पाणी पडतं. ते ओट्याच्या कडेने शेजाऱ्यांकडे सोडलं तर मोकळ्या खिडक्यांपेक्षा मोठं भांडण होईल. जुलैतल्या जोराच्या सरींनंतर तासाभराने छत्री घेऊन बघितलं, तर परसाचा नैसर्गिक उतार विहिरीकडे निघाला. पन्हळीचं पाणी चर काढून तिकडेच, पण विहिरीच्या अलीकडे शोषखड्ड्यात सोडायचं. ओट्यावरच्या नळाचं, भांड्यांचं, बकरी ईदच्या दिवशीचं पाणी मात्र वेगळ्या खड्ड्यात, विहिरीपासून लांब.

छप्पर नाही. वादळ बघितलेल्या माणसाला पत्र्याची हौस राहत नाही. शिवाय पक्कं छप्पर घालायचं तर आधी ग्रामपंचायतीत विचारावं लागतं. दिवाळीनंतर बांबू आणि झापांचा मांडव घालायचा आणि मे संपता संपता काढायचा, पूर्वी अंगणात घालायचे तसा. बांबू रोवायला ओट्याच्या काठात सहा ठिकाणी नळीचे तुकडे आधीच बसवून घ्यायचे, हे मिस्त्रीने सुचवलं, आणि त्याच्या सगळ्या सूचनांत हीच आम्हाला सर्वांत आवडली.

दुसरी एक सूचना मुलीची. घर रस्त्याला समांतर आहे, किब्ल्याला नाही. आमच्या भागातून किब्ला पश्चिमेपासून सुमारे बारा अंश उत्तरेकडे येतो. ओटा तिरपा बांधायचं कारण नाही, तसा बांधला तर कोपरे वाया जातात. पण लादी बसवताना काळ्या लादीची एक बारीक पट्टी त्या दिशेने घालून घेतली की अम्मींची खुर्ची रोज कुणी सरळ करून द्यायला नको.

चिरा दिवाळीनंतर येईल. मेंदीचं झुडूप पायऱ्यांच्या आड येत होतं, म्हणून पायऱ्या हातभर बाजूला सरकवल्या. एक दिवा लावायचा आहे, पण तो शेजाऱ्यांच्या खिडक्यांत उजेड पाडणार नाही असा भिंतीच्या आतल्या अंगाला की मांडवाच्या बांबूवर, हे अजून ठरलेलं नाही. मिस्टर भिंत म्हणतात. अम्मी म्हणतात, बोळाकडे लावा, खालांना रात्रीचं दिसत नाही.